पळती मुलं, बेळगावचा पाऊस आणि घरचा पहिला कॅमेरा

"वहिनी, चाळीस-पंचेचाळीस हजार बाजूला काढलेत. कुठला कॅमेरा घ्यायचा, तेवढं नाव सांगा की," असा खानापूरहून नणंदेचा फोन आला. तिची थोरली फुटबॉल खेळते, धाकटा स्केटिंगला जातो आणि तिच्या यजमानांना रविवारी घरात बसवत नाही. कधी राजहंसगड, कधी जांबोटीकडचे धबधबे, सुट्टी जोडून आली की चोर्ला घाटातून गोवा. अशा घराला कॅमेरा हवाच. पण नाव मी लगेच सांगितलं नाही. नुसतं नाव ऐकून दुकानात गेलं की हातात येतो तो दुसऱ्याच कुणाच्या गरजेचा कॅमेरा. मग पुढचे आठ-दहा दिवस तिला जे एकेक करून सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. पहिल्यांदाच कॅमेरा घेणाऱ्या कुणालाही ते चालेल.

पहिलं काम: हुकलेले फोटो मोजा

रात्री जेवणं आटोपली की घरातले सगळे मोबाईल एकत्र घ्या आणि वर्षभरातले फोटो उघडा. चांगले आलेले सोडून द्या. जे बिघडले किंवा काढताच आले नाहीत, तेवढेच वहीत लिहा. प्रत्येकापुढे चार गोष्टी टिपा: जागा कुठली, उजेड किती, समोरचा माणूस किती लांब, आणि तो थांबलेला होता की हलत होता.

नणंदेच्या वहीत तेरा ओळी झाल्या. थोरलीने मारलेला गोल मैदानाच्या कडेवरून टिपलेला, त्यात पोरगी नखाएवढी. स्केटिंगच्या स्पर्धेतले धाकट्याचे फोटो, चेहऱ्याच्या जागी नुसता रंगाचा पट्टा. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, रात्रीचे अकरा, ट्रॅक्टरवरचे दिवे पांढरेफटक आणि मावळ्याच्या वेशातल्या पोरांचे चेहरे काळे. दिवाळीत अंगणात केलेला मातीचा किल्ला, पणत्या लावल्यावर काढलेला, सगळा दाणेदार. धबधब्याचे तर फोटोच नाहीत, कारण मोबाईल भिजेल म्हणून गाडीत ठेवला होता.

तेरापैकी आठ फोटो लांबच्या आणि पळणाऱ्या मुलांचे, तीन अंधारातले, दोन पाण्यातले. तिथेच तिचं निम्मं काम झालं. वाढदिवस, पंगत, देवळासमोरचे घरच्यांचे फोटो यादीत आलेच नाहीत. ते मोबाईलने उत्तम काढले होते आणि पुढेही काढेल. तुमच्या वहीत दोन-तीनच ओळी भरल्या, तर कॅमेरा घेऊ नका, असं मी मनापासून सांगेन. ते पैसे पुढच्या मोबाईलला ठेवा.

खोक्यावरच्या आकड्यांतून एकच शोधा

दुकानदार आधी मेगापिक्सेल सांगतो आणि मग झूम. मेगापिक्सेलचा प्रश्न आता उरलेला नाही. ए-४ कागदावर भिंतीला लावण्याजोगा स्वच्छ फोटो छापायला सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात, आणि हल्लीचे बहुतेक कॅमेरे २० ते २४ मेगापिक्सेलचे असतात.

शोधायचा तो सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या चिपचा, आकार. पावसात पागोळीखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर तेवढ्याच वेळात पाणी परातीत जास्त साठतं. उजेडाचंही तसंच आहे. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत आणि लांब झूमच्या बहुतेक कॅमेऱ्यांत १/२.३ इंची म्हणतात तो सेन्सर असतो, मोजून जेमतेम ६.२ गुणिले ४.६ मिमी. एक इंची सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिमीचा. लेन्स बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत बहुधा एपीएस-सी असतो, साधारण २३.५ गुणिले १५.६ मिमी, कॅननचा थोडा लहान. म्हणजे पहिल्याच्या बारा-तेरा पट जागा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ काळवंडलेलं असतं, दुपारी तीनलाही घरात दिवा लागतो. अशा उजेडात हा फरक डोळ्यांना दिसतो.

आता प्रकार. खिशातला छोटा कॅमेरा मोबाईलपेक्षा फारसं वेगळं काही देत नाही, तो मी यादीतून काढूनच टाकते. एकाच लेन्समध्ये ४०, ६० किंवा ८३ पट झूम देणारे मोठे कॅमेरे, उदाहरणार्थ निकॉनचा पी९५०, भर उन्हात लांबचा पक्षी सुरेख टिपतात; भीमगडच्या जंगलाकडे पक्षी बघायला जाणाऱ्यांना ते आवडतात. पण सेन्सर वाटीएवढाच असल्याने संध्याकाळचं मैदान आणि रात्रीची मिरवणूक त्यांना जड जाते. पाण्यातला कॅमेरा वेगळाच: ऑलिंपसचा टीजी-६ पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतो आणि २.१ मीटरवरून पडला तरी टिकावा असा बांधलेला आहे. ज्यांच्या वहीत पाणीच पाणी आहे, त्यांनी तो जरूर बघावा. मैदानासाठी नाही.

राहिले दोन: डीएसएलआर आणि मिररलेस. डीएसएलआरमध्ये आरसा असतो, मिररलेसमध्ये नसतो. सेन्सर दोन्हींत तेवढाच मोठा मिळतो. कॅनन आणि निकॉन यांची नवी मॉडेलं आता मिररलेसच येतात. मिररलेस हलका असतो आणि समोरच्याचा चेहरा, डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतो. पळत्या मुलांसाठी ही फार मोठी सोय आहे. डीएसएलआर जड खरा, पण जुन्या बाजारात त्याला दोन लेन्स मिळून परवडणारी किंमत पडते आणि बॅटरी दिवसभर पुरते. निकॉन डी३५०० एका चार्जिंगवर प्रमाणित मोजणीप्रमाणे १,५५० फोटो काढतो. साध्या मिररलेसची बॅटरी तीनशे-चारशे फोटोंत संपते. शाळेच्या दिवसभराच्या स्पर्धेला मिररलेस नेणार असाल, तर दुसरी बॅटरी खिशात हवीच.

पळत्या मुलाला किती वेग लागतो

मुलं पाहून घरातल्या घरात करण्याजोगा हिशेब आहे. दहा-बारा वर्षांचं मूल जोरात पळतं तेव्हा सेकंदाला सुमारे ५ मीटर जातं. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, १/६० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात ते ८ सेंटिमीटर सरकतं. चेहऱ्याचा पट्टा होतो तो यामुळे. १/५०० ला ते १ सेंटिमीटर सरकेल, १/१००० ला अर्धा. म्हणून मैदानासाठी शटर १/५०० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही टिपायची कॅमेऱ्याची क्षमता, १६०० किंवा ३२०० करा, फोटोला थोडे दाणे आले तरी चालतील. दाणेदार पण स्पष्ट चेहरा आजीला दाखवता येतो, हललेला चेहरा नाही.

दुसरी गोष्ट, एका सेकंदात किती फोटो निघतात ती. कॅनन १५००डी तीन काढतो. निकॉन डी३५०० आणि डी५६०० पाच काढतात. कॅनन आर५० बारा काढू शकतो. पाच पुरतात, तीनमध्ये चेंडू नेमका सुटतो. तिसरी गोष्ट फोकसचे बिंदू. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, बघताना १५००डीला ९, डी३५०० ला ११, डी५६०० ला ३९. ज्याच्याकडे बिंदू थोडे, त्यात मूल चौकटीच्या मधोमधच ठेवावं लागतं. हे जमतं, पण सवय लागते.

व्ह्यूफाइंडर असलेलाच कॅमेरा घ्या. सोनी झेडव्ही-ई१० आणि निकॉन झेड३० यांना ती नाही. ते व्हिडिओ करणाऱ्यांसाठी चांगले आहेत, पण एप्रिलच्या दुपारी बेळगावच्या लेले ग्राउंडवर उभं राहून मागच्या पडद्यावर काय दिसतंय ते बघा, म्हणजे मी एवढ्या आग्रहाने का म्हणते ते कळेल.

दुकानात काय करायचं

मूल बरोबर न्या. कॅमेरा हातात घेऊन काउंटरवरच्या फुलदाणीचा फोटो काढून काही कळत नाही.

आम्ही गेलो तेव्हा दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदार म्हणाले, "काढून बघा की ओ ताई, बिलाचं मागनं बघू." मी कॅमेऱ्याची चकती शटरच्या अक्षरावर फिरवली. ते निकॉनवर आणि सोनीवर एस असं असतं, कॅननवर टीव्ही. १/५०० लावलं, आयएसओ आपोआप ठेवला. फोकस सतत धरून ठेवणारा निवडला, निकॉनवर एएफ-सी, कॅननच्या डीएसएलआरवर एआय सर्वो. एकामागून एक फोटो निघतील असं बटण लावलं. धाकट्याला गल्लीच्या टोकाला उभं केलं आणि सांगितलं, "माझ्याकडे पळत ये, थांबू नको." बोट दाबून धरलं. दहा फोटो निघाले. पडद्यावर एकेक मोठा करून डोळ्यांपर्यंत गेलो. पहिल्या कॅमेऱ्यात दहांतले तीन धारदार होते, दुसऱ्यात सात. नणंद आतापर्यंत गप्प होती, ती लगेच म्हणाली, "हाच."

मग तो कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या हातात द्या. पाच मिनिटं धरू द्या. सासूबाईंना चष्म्यासकट खिडकीतून सगळी चौकट दिसते का, थोरलीच्या बोटांना बटण सापडतं का. जो कॅमेरा फक्त एकालाच चालवता येतो, त्या घराच्या फोटोंत तो एक माणूस कधीच दिसत नाही. निकॉनच्या काही मॉडेलांत मेनूची भाषा मराठी निवडता येते. घरात मोठी माणसं कॅमेरा वापरणार असतील, तर दुकानातच ती निवडून बघा.

लेन्स, बिल आणि जुना माल

कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मिमीची लेन्स येते; हा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं. घर, प्रवास, किल्ला, घाट यांना ती पुरते. मैदानासाठी दुसरी लांबची हवी. कॅननच्या डीएसएलआरला ५५-२५०, निकॉनला ७०-३००. निकॉनची ७०-३०० घेताना एक गोष्ट नीट पाहा. दिसायला अगदी सारख्या दोन लेन्स आहेत. एकीवर व्हीआर अशी अक्षरं आहेत, ती हाताचा कंप सावरते; दुसरीवर नाहीत, ती सावरत नाही. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे कुणी नातेवाईक जुनी लेन्स देऊ लागला तर तिच्यावर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलंय का ते पाहून घ्या. नाहीतर फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. मिरवणूक आणि पणत्यांसाठी ५० मिमीची एफ/१.८ लेन्स नंतर कधीतरी घ्या. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं तोंड जास्त उघडतं; ती एफ/५.६ च्या मानाने नऊ-दहा पट उजेड आत घेते. आधीच घेतलीत तर मैदानाची लेन्स राहून जाईल.

नवा कॅमेरा कोल्हापुरात स्वस्त मिळतो का, हे आपल्याकडे हमखास विचारतात. कर दोन्हीकडे एकच आहे. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तो कर्नाटकात तेवढाच आणि महाराष्ट्रात तेवढाच. फरक पडलाच तर दुकानदाराच्या सवलतीचा. पक्कं बिल नको म्हणून जो दोन-तीन हजार सोडतो, त्याच्याकडून घेऊ नका. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याच्या वेळी मी तसंच केलं होतं, आणि सात महिन्यांनी बटण अडकलं तेव्हा वॉरंटीतली दुरुस्ती नाकारली गेली. खोक्यावरचा, कॅमेऱ्याच्या तळाचा आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे का, हे दुकानातच बोट ठेवून वाचा.

चाळीस-पंचेचाळीस हजारांत दोन लेन्स हव्या असतील, तर जुना डीएसएलआर बघायला लाजू नका. नणंदेने शेवटी जुना डी५६०० घेतला, दोन लेन्ससकट. जुना बघताना चार गोष्टी करा. एक ताजा फोटो काढून संगणकावर घ्या. निकॉनच्या फोटोतच आतापर्यंत किती वेळा शटर पडलं तो आकडा दडलेला असतो, मोफत प्रोग्रॅम तो दाखवतात. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने केलेलं असतं. वीस हजार फोटो काढलेला कॅमेरा तरुण समजा. एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांत दिसेल. बॅटरीचं झाकण आणि कार्डाचा कप्पा उघडून आतले तांबूस पत्रे हिरवट झालेत का पाहा. आणि लेन्स काढून तिच्यातून मोबाईलची टॉर्च टाका, आत बुरशी आहे का ते दिसेल. ही शेवटची पायरी आपल्या भागात सगळ्यांत महत्त्वाची.

कार्ड पावतीसकट, ओळखीच्या दुकानातून घ्या, ६४ जीबीचं, व्ही३० छापलेलं. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं. बॅग साधी चालेल. या सगळ्यासाठी एकूण बजेटमधले पाच हजार आधीच वेगळे काढून ठेवा.

बुरशी

हे मी कळकळीने लिहिते आहे, कारण माझं नुकसान झालं आहे.

एका वर्षी जूनमध्ये कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून लोखंडी कपाटात ठेवला, वर साड्या. पाऊस म्हणून कुठे जाणं झालं नाही. गणपतीला बाहेर काढला आणि लेन्समधून बघितलं, तर आत काचेवर पांढऱ्या बारीक धाग्यांची नक्षी. कोळिष्टकासारखी, मधून बाहेर पसरलेली, कडेला छोटे ठिपके. पुसायला काही हाती येत नव्हतं, ती आतल्या काचेवर होती. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून बुरशी काढली, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला होता. त्या लेन्सने उन्हाकडे तोंड करून काढलेला फोटो आजही धुरकट येतो.

बुरशीला ओल हवी, अंधार हवा आणि न हलणारी हवा हवी. लोखंडी कपाटात तिला तिन्ही मिळतात. चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून ती केस काढून टाका. रबराची कडा असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा भांड्यांच्या दुकानातून घ्या, कॅमेरा आणि दोन्ही लेन्स मावतील एवढा. त्यात पाव किलो सिलिका जेल आणि हवेतला ओलावा दाखवणारं छोटं घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. ६० च्या वर गेला की जेल वाळवायची वेळ झाली. निळी जेल ओली झाली की गुलाबी होते. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, ते घरात नको, म्हणून केशरी मिळाली तर तीच घ्या. स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या तव्यावर, खिडकी उघडी ठेवून, मंद आचेवर ती पूर्वीच्या रंगावर येईपर्यंत हलवा. थंड झाली की परत डब्यात. तांदूळ घालू नका, त्याचा कोंडा आणि पिठाची धूळ लेन्समध्ये जाते.

एवढं करूनही पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढा, उजेडात ठेवा, दहा-वीस फोटो काढा. जांबोटीकडे राहणाऱ्यांनी दोनदा.

उन्हाळ्यात आणि उत्सवात वेगळं संकट असतं. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावरचा भंडारा, विसर्जनाचा गुलाल, तालमीच्या हौद्यातली तेल-ताक मुरलेली तांबडी माती. झूम आत-बाहेर करताना लेन्स हवा ओढते आणि हवेबरोबर ही भुकटीही. अशा ठिकाणी घरून निघतानाच हवी ती लेन्स लावा आणि तिथे बदलू नका. दुधाच्या स्वच्छ पिशवीला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडा, कॅमेरा आत घाला, लेन्सच्या कडेला रबरबँड लावा. खिडकीजवळचं प्लास्टिक डोळा लावायपुरतं वर करा. घरी आल्यावर आधी हवेच्या रबरी फुग्याने फुंकर मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. पुसायचं ते सगळं उडून गेल्यावरच.

पहिले चार रविवार

पहिल्या रविवारी कॅमेरा पूर्ण आपोआप ठेवा आणि फक्त धरायची सवय करा: डावा हात लेन्सखाली, कोपरं छातीला टेकलेली. दुसऱ्या रविवारी अंगणात मुलांना पळवा आणि शटर १/१२५, १/५००, १/१००० असं बदलून तिन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. तिसऱ्या रविवारी खऱ्या सामन्याला न्या. गोलच्या मागे, थोडं बाजूला उभे राहा. मुलं तुमच्याकडे तोंड करून येतात. चेंडूच्या मागे कॅमेरा पळवू नका, आपलं मूल चौकटीत धरा, चेंडू त्याच्याकडे येईल. चौथा रविवार संध्याकाळचा ठेवा. दिवे लागताना आयएसओ वाढवत जा आणि फ्लॅश बंद ठेवा, त्याचा उजेड चार-पाच मीटरच्या पुढे पोचत नाही.

दर रविवारी रात्री कार्डावरचे फोटो संगणकावर आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर, अशा दोन ठिकाणी उतरवा, मगच कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा. नणंदेने तिसऱ्या रविवारचे सहा फोटो छापून खानापूरच्या घरात देवघराशेजारच्या भिंतीला लावलेत. त्यातल्या एकात थोरलीचा पाय चेंडूला लागलेला आहे आणि बुटाची सुटलेली नाडी हवेत दिसते.